फोस्टर केअरमधलं मूल घरी येतंय : लैंगिक अत्याचार झालाय हे कसं ओळखायचं, आणि कळलं तर करायचं काय?

मनवा_वडगाव
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय जड आहे, सांभाळून घ्या.

आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. मी, नवरा, सोळा वर्षांचा मुलगा आणि सासरे. फोस्टर केअरसाठी अर्ज केला होता. (दत्तक नव्हे. मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठरावीक काळासाठी आपल्या घरी राहतं, घराची देखरेख होते आणि परिस्थिती सुधारली तर ते आपल्या माणसांकडे परत जाऊ शकतं.) गृहभेट, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखले झाले. समितीपुढची सुनावणी राहिलीय. सगळं जमलं तर नऊ-दहा वर्षांची मुलगी येईल.

गृहभेटीला आलेल्या बाईंनी विचारलं, "दुपारी शाळा सुटल्यावर घरी कोण असतं?" मी म्हटलं, सासरे. "अजून कोण येतं-जातं? मुलाचे मित्र येतात का? मुलगी झोपणार कुठे?" सासरे आतल्या खोलीतून ऐकत होते. बाई गेल्यावर घरात जे रामायण झालं ते विचारू नका. "एका पोरीला आसरा द्यायचा तर आधी आम्हीच आरोपी?" वगैरे. मला मात्र प्रश्न पटले. आपण शाळेची व्हॅन, क्लासचे सर, लिफ्टमधला अनोळखी माणूस सगळ्यांबद्दल बोलतो. घराबद्दल कुणी बोलत नाही.

तर प्रश्न असा. अशा मुलीच्या बाबतीत पूर्वी काही झालं असेल किंवा आत्ता कुणी काही करत असेल, तर ते ओळखायचं कसं? ही मुलं आधीच घाबरलेली, गप्प गप्प असतात. त्यातलं नेहमीचं काय आणि धोक्याचं काय? आणि तिने सांगितलंच तर त्या क्षणी मी काय करायचं? अनुभवी मंडळींनी लिहा. सल्ले चालतील, फक्त "कशाला नसती उठाठेव" हा सल्ला घरबसल्या भरपूर मिळालाय.

बाकरवडी
वाचतेय. हिमतीचा धागा आहे.

नाना_सदाशिव
ताई, अभिनंदन. पण तुमच्या सासऱ्यांचं मला पटतं. सत्तरीच्या माणसाला असं विचारायचं म्हणजे काय? आमच्या वाड्यात वीस बिऱ्हाडं होती, सगळी पोरं सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. कुणाला काही झालं नाही.

वेखंड
नाना, "काही झालं नाही" की "कुणी सांगितलं नाही"?

केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. बहुतेकांनी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोचे आकडे काढा. पॉक्सोच्या (म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या) गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. वाडेही त्यात आले.

मनवाताई, मी समुपदेशक आहे. बालगृहांतल्या आणि फोस्टर कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम केलंय. संस्थेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

शाळेची_घंटा
मी हडपसर भागात चौथीला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, नात्यातल्या लोकांकडे ठेवलेली. अभ्यासात बरी, भांडण नाही, तंटा नाही. शिक्षकांच्या भाषेत "गुणी". एकच गोष्ट मला खटकायची. शाळा सुटल्यावर ती दप्तर भरायला प्रचंड वेळ लावायची. एक पुस्तक घालायची, काढायची, परत घालायची. शनिवारी तर हटकून. एकदा म्हणाली, "बाई, रविवारीसुद्धा शाळा भरवा ना." बाकी पोरं तिला मारायलाच उठली!

मी जवळ बसवून काही खोदून विचारलं नाही. "रविवारी काय काय असतं घरी?" एवढंच विचारलं. ती बोलायला लागली, मधे थांबली. मी म्हटलं, "मग?" परत बोलली. माझ्यासमोर हजेरीचा कागद होता. त्याच्या मागच्या बाजूला मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, तिच्याच बोलीत. वर तारीख, वेळ. माझ्या मराठीत "सुधारून" लिहिले नाहीत. पुढे पोलीस आणि वकील, दोघांनीही तो कागद सगळ्यात उपयोगी पडला असं सांगितलं.

याहून जास्त तपशील देत नाही. पण मनवाताई, लक्षणांच्या यादीत "दप्तर भरायला वेळ लावते" असं कुठेही सापडणार नाही. मूल कशापासून लांब राहू बघतंय, एवढं बघत राहा.

उगाच_एक
+१. अंगावर काटा आला.

टेकडीवाला
थोडा विरोधी सूर लावतो, दगड मारू नका. हे सगळं वाचून कुणी फोस्टर पालक व्हायला धजेल का? आधीच आपल्याकडे दुसऱ्याचं मूल घरात घ्यायला लोक तयार नाहीत. त्यात प्रत्येक पुरुषाकडे संशयाने बघायचं, मुलीला मायेने जवळ घ्यायचं नाही. घराचं पोलीस ठाणं होईल. त्यापेक्षा ती संस्थेत बरी म्हणायची वेळ येईल.

जुईली_पिंपरी
टेकडीवाला दादा, आमच्याकडे फोस्टरमधला मुलगा आहे, आला तेव्हा आठ वर्षांचा होता. घराचं पोलीस ठाणं वगैरे काही झालं नाही. चार नियम केले आणि ते घरातल्या सगळ्यांना लागू केले, मला आणि नवऱ्यालासुद्धा. न्हाणीघराला आतून कडी. दार वाजवल्याशिवाय कुणी कुणाच्या खोलीत जायचं नाही. रात्री ज्याने त्याने आपापल्या अंथरुणात झोपायचं. आणि "हे आपल्या दोघांतच ठेवायचं हं" असं मुलाला कुणीही म्हणायचं नाही. वाढदिवसाचं सरप्राइझ चालेल, कारण ते दोन दिवसांत उघड होतं. गुपित चालणार नाही.

जवळ घेण्याचं म्हणाल तर आम्ही विचारतो, "जवळ घेऊ का?" पहिले काही महिने उत्तर "नको" होतं. आता तोच येऊन अंगावर पडतो आणि पाठीचा कणा मोडतो.

नाना_सदाशिव
दाराचा नियम आवडला. पाटीच लावा : "दार वाजवल्याशिवाय आत येऊ नये. आल्यास अपमान केला जाईल. वाजवून आल्यासही खात्री नाही."

बाकरवडी
नाना, ही पाटी आमच्या मुलीच्या खोलीवर केव्हापासून आहे, फक्त अदृश्य.

वेखंड
आले. जरा लांबेल.

आधी मनवाताईंचा कळीचा प्रश्न, नेहमीचं काय आणि धोक्याचं काय. उशीत पोळी लपवून ठेवणं, हावऱ्यासारखं खाणं, रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं, सगळ्यांच्या गळ्यात पडणं किंवा कुणालाच जवळ येऊ न देणं हे घर सुटलेल्या, उपासमार किंवा मारहाण पाहिलेल्या मुलांमध्ये पुष्कळदा दिसतं. यातलं काही दिसलं की लगेच लैंगिक अत्याचाराचा निष्कर्ष काढू नका. पण "फोस्टरमधली आहे ना, मग असंच वागणार" म्हणून सोडूनही देऊ नका. आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त घात या दुसऱ्या वाक्याने होतो. मुलाच्या प्रत्येक खुणेला जुन्या दुःखाचं लेबल लावलं की आत्ता काय चाललंय ते कुणी बघतच नाही.

मी बदल बघते. स्थिरावलेलं मूल अचानक परत अंथरूण ओलं करायला लागलं. एका ठरावीक माणसाचं नाव निघालं की पोटात दुखतं. आंघोळीला, कपडे बदलायला नकार, किंवा कपड्यांवर कपडे घालून झोपणं. कुणी दिलं ते सांगता न येणाऱ्या वस्तू, खाऊ, पैसे, फोन. वयाला न शोभणारी लैंगिक माहिती, तसले खेळ किंवा चित्रं. मोठ्या मुलांत हातावर कापून घेणं, घरातून पळून जाणं. एकेकटी खूण काहीच सिद्ध करत नाही. दोन-तीन एकत्र आल्या तर मात्र गप्प बसायचं नाही.

दुसरं. पूर्वी अत्याचार झालेलं मूल कधी कधी मोठ्या माणसाशी नको तशी लगट करतं, कारण माया मिळवण्याचा तोच एक मार्ग त्याला शिकवला गेलेला असतो. अशा वेळी "शी! घाणेरडी!" म्हणालात तर दार कायमचं बंद. शांतपणे हात बाजूला करायचा. "आपल्याकडे असं करत नाहीत. तुला जवळ यायचं असेल तर इथे शेजारी बस." एवढं बोलायचं आणि नंतर त्याची नोंद करून समुपदेशकाला सांगायचं.

आणि सांगणं बहुतेकदा तुकड्यातुकड्याने येतं. पहिल्या दिवशी कुणी "माझ्यावर अत्याचार झाला" असं म्हणत नाही. आधी एखादा तुकडा टाकून तुमचा चेहरा बघतात. तुम्ही कोसळलात तर पुढचे तुकडे येत नाहीत. कित्येक मुलं घर सुरक्षित वाटायला लागल्यावरच, म्हणजे महिनोन् महिन्यांनी, आधीच्या ठिकाणचं सांगतात. लोकांना वाटतं, "इथे आल्यावर बिघडली." खरं तर ती तुमच्यावर विश्वास टाकत असते.

तापमापक
वेखंडताईंना अनुमोदन. बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडी भर.

लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, चालताना-बसताना दुखणं, अंतर्वस्त्रावर रक्त, लैंगिक संबंधातून होणारा आजार, ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका. पण लक्षात ठेवा, अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीही सापडत नाही. "डॉक्टरांनी बघितलं, नॉर्मल आहे, म्हणजे पोरगी खोटं बोलते" हे वाक्य मी वैतागेस्तोवर ऐकलंय.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, दमट राहून पुरावा खराब होतो. कागदी पिशवीत ठेवा. आणि ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं त्याच मुदतीत सुरू करावी लागतात, मोठ्या मुलीला गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला उपचार मोफतच द्यावे लागतात. "आधी एफआयआर आणा, मग हात लावतो" असं कुणी म्हणू शकत नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करेल, आणि मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत थांबू शकतं.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्या शेजारच्या सोसायटीत असंच प्रकरण झालं होतं. [मजकूर काढला आहे]

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादातून सोसायटी, इमारत आणि शाळेचे तपशील काढले आहेत. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब किंवा परिसर काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरीही. कृपया सहकार्य करा.

सोसायटी_सेक्रेटरी
मी कुठे नाव घेतलं होतं? फक्त विंग सांगितली.

उगाच_एक
काका, विंग आणि मजला सांगितल्यावर बाकी राहिलं काय, डोअरबेलची ट्यून?

काळा_डगला
शिवाजीनगर कोर्टात पॉक्सोच्या केसेस बघतो, म्हणून कायद्याची बाजू सांगतो. कंटाळवाणी आहे, पण लागते.

पॉक्सो २०१२ चा. कलम १९ म्हणतं की गुन्हा झाल्याची माहिती किंवा तशी आशंका असलेल्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात, मुलींना तपासूनही न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा हायकोर्टाने रद्द केला होता. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला.

"उद्या खोटं ठरलं तर?" हा प्रश्न दर वेळी येतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. शिक्षा आहे ती एखाद्याची बदनामी करायला, पैसे उकळायला मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला. आणि मुलाला तर खोट्या तक्रारीचीही शिक्षा नाही.

फोस्टरसाठी खास मुद्दा. कलम ५ च्या 'एन' उपकलमात रक्ताचे, दत्तक, लग्नाचे नातेवाईक आणि फोस्टर केअरमधले नातेवाईक, तसंच एकाच घरात राहणारे, असे सगळे आहेत. शरीरप्रवेशाचा अत्याचार यांनी केला तर तो गंभीर स्वरूपाचा धरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान शिक्षा २० वर्षं.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दी न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही. आरोपी त्याच घरातला असेल तर पोलीस २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेतात आणि समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं की मुलाला त्या घरातून हलवायचं की नाही. मुलाला काय वाटतं ते विचारात घ्यावं लागतं. समिती सपोर्ट पर्सन देऊ शकते, तो खटला संपेपर्यंत मुलासोबत असतो. मागून घ्या, नाहीतर राहून जातं.

वेखंड
काळा डगला, कायद्याबद्दल वाद नाही. पण सक्तीच्या कलमाचा एक त्रास आम्ही रोज भोगतो. पंधरा वर्षांची मुलगी सांगते, "ताई, फक्त तुम्हाला सांगतेय, पोलिसात नको, मला परत संस्थेत टाकतील." मी कळवलं की तिच्या लेखी मी दगाबाज. पुढच्या वेळी ती कुणालाच सांगणार नाही.

काळा_डगला
आणि नाही कळवलंत तर त्याच घरातलं पुढचं मूल?

वेखंड
म्हणून तर कळवते. पण तुम्ही कलम वाचून मोकळे होता, तिच्यासमोर बसायचं मला असतं. मी आता बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगते, "तुला कुणी दुखावत असेल तर ते मला एकटीला पोटात ठेवता येणार नाही. पण कुणाला सांगायचं, कधी, तू तिथे असशील का, हे आपण दोघी मिळून ठरवू." काही मुली त्यावर गप्प होतात. ते मला अजूनही खुपतं.

काळा_डगला
मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नाना_सदाशिव
एक सरळ प्रश्न. एकट्या पुरुषाला फोस्टरसाठी मूल देतातच कशाला? पेपरात वाचलं की आता अविवाहितांनाही देणार म्हणून.

काळा_डगला
२०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत एकट्या व्यक्तीला परवानगी आहे, वय किमान ३५. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा मिळू शकतो.

वेखंड
म्हणजे मुलगा असला की धोका नाही, असं गृहीत धरलंय. वरचा २००७ चा आकडा परत वाचा. आणि नाना, लग्न झालेलं असणं हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र नाही.

उत्तरपूजा
इथे कधी लिहीत नाही, या धाग्यावर लिहावंसं वाटलं. आयडी नवीन काढलाय.

आईवडील लवकर गेले. मी नात्यातल्या एका घरी वाढले. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला ४२५ रुपये माझ्या नावाने यायचे. (आता २२५० झालेत म्हणे.) त्या घरातल्या एका माणसाने जे केलं ते इथे लिहिणार नाही.

मला सांगायचंय ते भेटीला येणाऱ्या बाईंबद्दल. त्या यायच्या. वाईट नव्हत्या. पंखा लावला जायचा, पोहे व्हायचे, मला नवा फ्रॉक घालून समोर उभं करायचे. त्या विचारायच्या, "काय गं, काही त्रास नाही ना? खाणंपिणं ठीक?" समोरच्या खुर्चीत तो बसलेला. चहा ओतून बशी त्याच्याच हातात. मी काय सांगणार होते? मान हलवायची, सही व्हायची.

लोक विचारतात, इतकी वर्षं का नाही बोललीस. अहो, ज्याचं स्वतःचं घर आहे त्या मुलाला बोलताना भीती वाटते ती आई रागावेल याची. मला भीती होती की आज रात्री मी कुठे झोपणार. शिवाय धाकटा भाऊ त्याच घरात. मी बोलले तर त्यालाही उचलतील, आम्हाला वेगवेगळं टाकतील. हे हिशोब मी अकरा वर्षांची असताना करत होते.

पुढे शिकायला वसतिगृहात गेले, तिथल्या एका बाईंना सांगितलं. त्यांनी पहिलं वाक्य विचारलं, "भाऊ कुठे आहे आत्ता?" तेव्हा मला कळलं की हिला समजलंय.

मनवा, तुझ्या धाग्यावर सगळे विचारतायत मुलाची खूण कशी ओळखायची. माझ्यात खुणा भरपूर होत्या. त्या बघायला कुणी एकटं भेटलंच नाही.

बाकरवडी
ताई, काय लिहू. वाचलं, एवढंच.

शाळेची_घंटा
तुमचा भाऊ?

उत्तरपूजा
बरा आहे. चिंचवडला असतो. नोकरी, दोन मुली. मला रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो, तो त्रास वेगळा.

टेकडीवाला
माझा वरचा प्रतिसाद आता फार उथळ वाटतोय, पण प्रश्न अजून आहे. कायद्यात भेटींबद्दल काही नाहीये का?

काळा_डगला
आहे ना. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ४४. समितीने दर महिन्याला फोस्टर कुटुंबाची पाहणी करायची, काळजी नीट घेतली जात नसेल तर मूल तिथून काढायचं. पण ते कलम कुटुंबाच्या पाहणीबद्दल बोलतं. मुलाशी एकट्याने, घराबाहेर बोलायचं की पोहे खाऊन फॉर्म भरायचा, हे येणाऱ्या माणसावर. एका अधिकाऱ्याकडे किती कुटुंबं असतात ते बघितलंत तर पोह्यांचंही आश्चर्य वाटणार नाही.

जुईली_पिंपरी
आम्ही स्वतःहून सांगितलं होतं की मुलाला आमच्याशिवाय भेटा. ते त्याला खाली बागेत घेऊन जातात. पहिल्यांदा मला राग आला होता, खरं सांगते. आतून वाटतंच ना, हा काय सांगत असेल आपल्याबद्दल? त्याने सांगितलं होतं की मी भेंडी बळजबरीने खायला लावते. अहवालात नोंद आहे.

त्याला १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) पाठ करून घेतलाय. "माझ्याबद्दलही तक्रार करायची असेल तरी लाव" असं सांगूनच. शाळेतल्या एका बाईंचा आणि माझ्या बहिणीचा नंबर त्याच्या वहीत आहे. १०९८ धरून, आम्ही सोडून तीन माणसं. पैकी दोन तरी आमच्या नात्यातली नकोत, असं आमच्या संरक्षण अधिकाऱ्यांनी सुचवलं होतं.

सोसायटी_सेक्रेटरी
१०९८ बंद झाला ना? चाइल्डलाइन गुंडाळली असं ऐकलं.

तापमापक
नाही. पूर्वी संस्था चालवत होत्या, आता सरकारी यंत्रणा चालवते आणि ती ११२ शी जोडलीय. नंबर तोच, चोवीस तास, फुकट. शेजाऱ्यांनीही लावावा. नाव सांगायला हवंच असं नाही.

मनवा_वडगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरपूजा ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. नंतर सासऱ्यांनी चष्मा मागून घेतला आणि स्वतः वाचला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "दुपारी ती आल्यावर तू किंवा अजय (माझा नवरा) कुणी तरी घरी येईपर्यंत मी तिला घेऊन खाली बागेत बसत जाईन. चार लोकांत. तिलाही बरं, मलाही बरं." मी हे सुचवायला आठवडाभर शब्द जुळवत होते.

सुनावणी झाली. मुलीला तिथेच भेटलो. तिच्या फाइलमध्ये पूर्वीचं काय काय आहे ते मी विचारलं. आधी "गोपनीय" म्हणाले, मग समितीतल्या एक बाई म्हणाल्या की सांभाळणाऱ्याला गरजेपुरतं माहीत असायलाच हवं. वेखंडताईंनी लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून विचारायची हिंमत झाली. काय कळलं ते अर्थातच इथे लिहिणार नाही. महिन्याची भेट शाळेत, आमच्याशिवाय घ्या असंही सांगितलं. अधिकारी बाई हसल्या, म्हणाल्या, असं कुणी मागत नाही.

आता एकच अडलंय. मुलाला, म्हणजे आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांना, कसं सांगायचं? "तुझ्यावर संशय नाही पण" असं म्हटलं की संशयच घेतल्यासारखं होतं.

वेखंड
"पण" काढून टाका. त्याला नियमांच्या बाजूने घ्या. "ती आपल्याकडे नवीन आहे, तिला आधी वाईट अनुभव असू शकतात. तुझ्या एखाद्या साध्या वागण्याचाही ती वेगळा अर्थ लावू शकते. म्हणून दार वाजवायचं, तिच्या खोलीत दार लावून बसायचं नाही, मस्करीत अंगाला हात नाही. ती तुझ्याशी विचित्र वागली तर आम्हाला लगेच सांग, तू अडचणीत येणार नाहीस." हे त्याच्याही संरक्षणाचं आहे. सोळाव्या वर्षी पोरांना ते बरोबर कळतं. मित्रांना काय सांगायचं तेही आत्ताच ठरवा. तिची हकिगत वर्गाच्या ग्रुपवर जाता कामा नये.

काळा_डगला
आणि कुणी ताजं काही सांगितलंच तर घरच्या घरी "दोघांना समोरासमोर बसवून" चौकशी करू नका. समोरचा सावध होतो, मूल शब्द फिरवतं आणि कोर्टात त्याचीच उलटतपासणी होते. शाळेची_घंटा यांनी केलं तेवढंच. ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" म्हणा, लिहा, कळवा. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका.

नंतर राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

उत्तरपूजा
मनवा, आणखी एक. ती सांगेल, आज किंवा दोन वर्षांनी. तेव्हा तिला आधी हे सांग की रात्री ती कुठे झोपणार आहे. जे खरं असेल ते. माहीत नसेल तर "मला अजून माहीत नाही, पण कळलं की लगेच तुला सांगेन" असं. बाकी सगळं त्यानंतर.

मनवा_वडगाव
लिहून ठेवलं.

ती पुढच्या सोमवारी येतेय. खोली तयार आहे, न्हाणीघराची आतली कडी तेवढी राहिलीय. सुतार म्हणालाय, उद्या दुपारी नक्की.

नाना_सदाशिव
कडी आजच बाजारातून आणा आणि मुलाच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. सुताराची "उद्या दुपार" मी २०१९ पासून बघतोय.